मुलांची ऑनलाइन कमाई : पैसा कुणाचा, टॅक्स कुणाच्या नावावर?

आपल्या शाळांच्या पालकसभेत आता हजेरी आणि गुणांच्या जोडीला एक नवा सवाल हमखास येतो. मुलगा अकरावीत आहे, मुलगी दहावीत आहे आणि घरात बसून कमावते आहे. कुणी मेहंदीच्या डिझाइनचे व्हिडिओ टाकते, कुणी नात पढून रेकॉर्ड करतो, कुणी दुकानदारांना लोगो आणि लग्नाच्या पत्रिका बनवून देतो, तर कुणी परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या वेबसाइटचं कोडिंग करतो. पैसा येतो, कधी दोन हजार, कधी वीस हजार. मग वालिद साहेब हळूच बाजूला येऊन विचारतात, "याचा काही टॅक्स-बिक्स लागतो का हो?"

या सवालावर मआशऱ्यात दोन जवाब फिरतात. पहिला असा की, पोरं अजून अठराची नाहीत, लहान मुलांना कसला आलाय टॅक्स? दुसरा असा की, पैसे आमच्याच खात्यात येतात, म्हणजे ते आमचेच, आमच्या हिशोबात बसतात. आमच्या मते हे दोन्ही जवाब चुकीचे आहेत. पहिल्याने फार तर एखादी नोटीस येईल. दुसऱ्याने मुलाचा पैसाच कागदावरून गायब होतो, आणि हे नुकसान बहुतेक घरांच्या लक्षातही येत नाही.

आधी कायदा समजून घेऊ. आयकर वयावर लागत नाही, उत्पन्नावर लागतो. सहा वर्षांच्या मुलाचं उत्पन्न असेल तर तेही कायद्याच्या नजरेत उत्पन्नच. वयाचा संबंध येतो तो एवढ्यापुरता की, ते उत्पन्न कुणाच्या नावावर मोजायचं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ६४ व्या कलमात याचं उत्तर आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील, दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात जोडलं जातं. सीए मंडळी याला 'क्लबिंग' म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, वर्षाला आता 'कर वर्ष' म्हणायचं. पण हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे.

हा नियम आला कुठून? पूर्वी पैसेवाल्या घरांत एक चाल असायची. ठेवी, शेअर, घरभाडं असं काहीबाही नाबालिग मुलांच्या नावे करून ठेवायचं. उत्पन्न चार नावांत वाटलं गेलं की प्रत्येक नावावर टॅक्स कमी. ही वाट पुरती बंद करण्यासाठी १९९२ च्या वित्त कायद्याने मुलांचं उत्पन्न सरसकट आईबापाच्या उत्पन्नात जोडायचं ठरवलं. म्हणजे सरकारचा संशय होता तो बापावर.

त्यामुळेच कायद्याने एक दरवाजा उघडा ठेवला. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने कमावलं असेल, किंवा स्वतःचं कौशल्य, प्रतिभा, खास ज्ञान आणि अनुभव वापरून कमावलं असेल, तर ते उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात जोडायचं नाही. ते मुलाचंच. सिनेमात काम करणारी मुलं, गाणारी मुलं, बुद्धिबळ किंवा क्रिकेट खेळून बक्षीस मिळवणारी मुलं याच दरवाज्यातून जातात. (गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांनाही क्लबिंगमधून सूट आहे, मग उत्पन्न कसलंही असो.) मेहंदी काढणारी मुलगी किंवा कोड लिहिणारा मुलगा या दरवाज्यातून का जाऊ नये? आमच्या वाचनाप्रमाणे जायलाच हवं. कला तिच्या हातात आहे, मोबाइल फक्त ती दाखवतो.

इथे वयाबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण आपल्या घरांत 'बालिग' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जातो. शरीअतच्या हिशोबाने बुलूग़ची निशाणी दिसली किंवा पंधरा वर्षं पुरी झाली की मुलगा-मुलगी बालिग. टॅक्सच्या, बँकेच्या, करारांच्या कामात मात्र १८७५ च्या वयस्कता कायद्याप्रमाणे अठराच मोजले जातात. म्हणजे पंधरा ते अठरा या तीन वर्षांत आपलं लेकरू एका हिशोबात मोठं आणि दुसऱ्या हिशोबात लहान असतं. आणि ऑनलाइन कमाईला सुरुवातही नेमकी याच वयात होते. हे ध्यानात ठेवा, पुढे ज़कातच्या वेळी कामी येईल.

आता खरी गाठ कुठे बसते ते पाहू. भारताच्या करार कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार टिकत नाही. १९०३ पासून, प्रिव्ही कौन्सिलच्या मोहोरी बीबी खटल्यापासून ही गोष्ट पक्की आहे. म्हणून कुठलीही कंपनी सोळा वर्षांच्या मुलाशी थेट व्यवहार करायला तयार नसते. गूगलच्या अ‍ॅडसेन्सचं खातं अठराच्या आत मिळत नाही. आईवडिलांपैकी कुणीतरी स्वतःच्या नावाने अर्ज करायचा आणि पैसे त्यांच्याकडे येणार. बाकीच्या बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. परिणाम असा की, खातं वडिलांचं, पॅन वडिलांचं, बँकेतली एन्ट्री वडिलांची. कायदा म्हणतो कमाई मुलीची, आणि सगळे कागद म्हणतात कमाई बापाची. आयकर खात्याच्या संगणकाला व्हिडिओतला मेहंदीचा हात दिसत नाही, त्याला पॅन नंबर दिसतो.

याने फरक किती पडतो? एक हिशोब मांडून पाहू. माणसं कल्पनेतली आहेत, दर २०२५-२६ चे, नव्या कर प्रणालीचे आहेत. समजा वडील नोकरदार, पगार १२ लाख ४० हजार. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात ११ लाख ६५ हजार. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट असल्याने त्यांचा टॅक्स शून्य. मुलीने वर्षात खर्च वजा जाता २ लाख कमावले. ते तिच्या नावाने मोजले तर तिचंही उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेच्या आत, टॅक्स शून्य. आता हेच २ लाख वडिलांच्या उत्पन्नात मिळवा. बेरीज १३ लाख ६५ हजार. रिबेट गेला. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, वरच्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्क्यांनी २४,७५०, झाले ८४,७५०. वर ४ टक्के सेस ३,३९०. एकूण ८८,१४० रुपये. पोरीच्या दोन लाखांपायी घराला अठ्ठ्याऐंशी हजारांचा टॅक्स, आणि तोही कायद्याने न लागणारा. वडिलांनी तो प्रामाणिकपणे भरला तरी कुणी शाबासकी देणार नाही.

सगळ्याच घरांत आकडे असे नसतात, हे आम्हाला माहीत आहे. पॉवरलूमवर काम करणाऱ्या किंवा भाजीची गाडी लावणाऱ्या बापाचं उत्पन्न चार लाखांच्या आसपास असेल, तर मुलीचे दोन लाख जोडूनही त्याला टॅक्स लागणार नाही. पण अशा घरात दुसरा प्रश्न उभा राहतो, दाखल्यांचा. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा ज्या बिरादऱ्या आपल्या राज्यात ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या मुलांना नॉन-क्रीमी लेअरचा दाखला लागतो. त्यात आईवडिलांचं उत्पन्न पाहतात, आणि मर्यादा आहे ८ लाख, सलग तीन वर्षांची. उमेदवाराचं स्वतःचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, हे केंद्राच्या सूचनांत स्पष्ट आहे. आता समजा, दुकानदार बापाचा नफा साडेसहा लाख आणि त्याच्या रिटर्नमध्ये पोराचे दोन लाख 'इतर उत्पन्न' म्हणून तीन वर्षं दाखवलेले. झाले साडेआठ. ज्या मुलाने स्वतःच्या हुनराने कमावलं, त्याचीच कमाई बापाच्या नावावर बसून त्याच्याच इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या आड येते. शिष्यवृत्त्यांची मर्यादा तर याहून पुष्कळ खाली असते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची अट २ लाखांची ठेवलेली आहे. तिथे वीस-पंचवीस हजारांची चुकीची नोंदसुद्धा जड जाऊ शकते.

आता उलट्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर या लेखाचा कुणी भलताच फायदा घ्यायचा. मुलाचं उत्पन्न वेगळं मोजता येतं म्हटल्यावर बापाची कमाई मुलाच्या नावावर सरकवण्याचा मोह काहींना होईल. चॅनल वडिलांनी काढलेलं, दुकानाची जाहिरात वडिलांची, बोलणारे वडील, आणि पॅन मात्र तेरा वर्षांच्या मुलाचा काढला! ही चोरी आहे. १९९२ चा नियम याच चोरीसाठी आला. हलाल रिज़्क़ची गोष्ट करणाऱ्या माणसाने हे करू नये, एवढं आम्ही स्पष्ट सांगतो.

मधल्या जागा मात्र खऱ्याखुऱ्या धूसर आहेत. घरातल्या सगळ्यांचा मिळून रोजच्या जगण्याचा व्हिडिओ असतो, त्यात चिमुरडी गोड बोलते म्हणून लोक पाहतात. शूटिंग बापाचं, एडिटिंग आईचं. त्यातलं किती उत्पन्न लेकीच्या प्रतिभेचं? आम्ही म्हणू, ते पालकांचंच धरणं सुरक्षित, आणि लेकीचा हिस्सा तिला देणं हे पालकांच्या ईमानावर. दुसऱ्याच्या मालाच्या लिंक नुसत्या पुढे पाठवून मिळणारं कमिशन, अ‍ॅप डाउनलोड करून मिळणारा रेफरल बोनस, यात कौशल्य दाखवणं अवघड. ते पालकाच्या उत्पन्नात जोडलं जाईल असंच समजावं. आणखी एक बारीक गोष्ट. मुलाने हुनराने कमावलेला पैसा बचत खात्यात किंवा ठेवीत पडून त्यावर व्याज आलं, तर कमाई मुलाची राहते, व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जोडलं जातं. कारण व्याज मिळवायला हुनर लागत नाही! व्याजाचं काय करायचं हा शरई मसला निराळा, पण ती रक्कम गरिबाला सवाबची नियत न ठेवता देऊन टाकली, तरी रिटर्नमध्ये ती दाखवावीच लागते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून असल्या खेळांवर बंदी घातली. त्याआधी जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर होता, चार लाखांची मर्यादा तिथे चालत नव्हती. आणि आपल्याकडे जुगार हराम आहे हे सांगायला आयकर कायद्याची गरज नाही.

तर मग करायचं काय? सर्वांत आधी मुलाचं स्वतःचं बँक खातं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा बँका देऊ शकतात, मर्यादा बँक ठरवते. मग मुलाचा पॅन. तो अठराच्या आतही मिळतो, अर्ज पालक करतात, कार्डावर मुलाचा फोटो आणि सही नसते. कंपनी पैसे पालकाच्याच खात्यात टाकणार असेल, तर ते आल्या आल्या जसेच्या तसे मुलाच्या खात्यात वळवायचे आणि एका साध्या वहीत लिहायचं: तारीख, रक्कम, कुठल्या कामाची. खर्चही लिहायचा. नेटचा रिचार्ज, मेहंदीचे कोन, माइक, एडिटिंगचं अ‍ॅप, यांच्या पावत्या ठेवल्या तर त्या उत्पन्नातून वजा होतात. टॅक्स नफ्यावर असतो, गल्ल्यावर नाही. कधी खात्याकडून विचारणा झालीच, तर ही वही आणि बँकेचं पासबुक हेच आपले दोन साक्षीदार.

हिंदुस्तानातली कंपनी किंवा ब्रँड पैसे देत असेल, तर वर्षाला ५० हजारांवरच्या व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापतो. पॅन दिलाच नाही तर २० टक्के जातात. टीडीएस वडिलांच्या पॅनवर कापला गेला, तर तो मुलाच्या नावावर वळवायची सोय नियमांत आहे. वडिलांनी कंपनीला तसं लेखी कळवायचं की, हे उत्पन्न अमुक मुलाचं आहे, क्रेडिट त्याच्या पॅनवर द्या. लहान कंपन्यांचे हिशोबनीस याला कंटाळा करतात, तरी मागायचं. आणि कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रिटर्न भरावाच लागेल, उत्पन्न चार लाखांच्या आत असलं तरी. मुलाचं रिटर्न पालक 'प्रतिनिधी' म्हणून पोर्टलवर भरतात. ज्यांचं उत्पन्न चार लाखांच्या वर आहे, किंवा वर्षाचा टीडीएस २५ हजार वा जास्त आहे, त्यांना रिटर्न भरणं सक्तीचंच. मग रिबेटमुळे टॅक्स शून्य का येईना.

अ‍ॅडसेन्सचं पाणी वेगळं आहे. तो पैसा डॉलरच्या हिशोबात, शंभर डॉलर झाले की येतो आणि बँकेत रुपये होऊन जमा होतो. त्यावर इथे टीडीएस कापला न गेल्याने बरेच जण समजतात, याच्यावर टॅक्स नाही. असं नाही, ते उत्पन्न आपणहून दाखवायचं असतं. शिवाय जून २०२१ पासून यूट्यूब अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापतं. कराची माहिती आणि पॅन देऊन फॉर्म भरला, तर भारत-अमेरिका करारामुळे तो साधारण १५ टक्के, आणि तोही फक्त अमेरिकेतल्या भागावर. फॉर्मच भरला नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापायची त्यांना मुभा आहे. दहा मिनिटांचा फॉर्म आहे. नात आणि क़िरातीचे व्हिडिओ परदेशातले लोक मोठ्या आवडीने ऐकतात, त्यामुळे आपल्या मुलांना याची गरज जास्तच.

फुकट मिळालेला मालही विसरू नका. ब्रँडने मोबाइल पाठवला, व्हिडिओत दाखवून परत केला तर काही नाही. ठेवून घेतला तर तो मोबदला झाला. वर्षात अशा वस्तूंची किंमत २० हजारांच्या वर गेली की त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे. 'गिफ्ट' म्हटल्याने तो गिफ्ट होत नाही.

इथवर सरकारचा हिशोब झाला. आता घरातला.

बाप म्हणतो, "खाणं-पिणं, शाळा, मोबाइल सगळं आमचं, मग पोराची कमाई वेगळी कशी?" काही जण हदीसचा हवाला देतात, मुलगा आणि त्याचा माल बापाचा अशा अर्थाची. पण फुक़हांच्या मोठ्या जमातीने त्याचा अर्थ बापाची गरज असा घेतला आहे. बाप मोहताज असेल तर त्याने गरजेपुरतं घ्यावं, मुलाची मिल्कियत त्याने संपत नाही. बाप वली आहे, मालक नाही. यतीमांच्या मालाबाबत सूरह अन्-निसाच्या सुरुवातीलाच किती कडक ताकीद आहे, आणि माल हवाली करताना साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. यतीमाच्या मालात जी अमानत आहे, ती स्वतःच्या लेकराच्या मालात कमी कशी होईल? गंमत अशी की, इथे आयकराचं कलम आणि फ़िक़्ह एकाच बाजूला उभे आहेत. दोघंही म्हणतात, हुनर ज्याचा, कमाई त्याची.

ज़कातीचाही प्रश्न येतो. टॅक्स भरला म्हणजे ज़कात उतरली असं होत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी. नाबालिगच्या मालावर हनफ़ी मसलकात ज़कात वाजिब नाही. शाफ़ई मसलकात आहे आणि ती वलीने त्याच्या मालातून काढायची. म्हणजे मराठवाड्यातलं हनफ़ी घर आणि रत्नागिरी-रायगडातलं कोकणी शाफ़ई घर, दोघांचा हिशोब वेगळा होईल. पण हा फरक शरीअतच्या नाबालिगपुरता. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कायद्याने नाबालिग असला, तरी शरीअतने बालिग आहे. त्याच्याकडे निसाबभर माल वर्षभर राहिला तर ज़कात त्याच्यावर आहे, दोन्ही मसलकांत. पण पैसा बापाच्या खात्यात मिसळून गेला असेल, तर मुलाचा निसाब पुरा झाला की नाही हे कळणार कसं? पुढचे बारकावे आपल्या मौलाना साहेबांना विचारावेत.

मुलांची कमाई आईबापाने खाऊन टाकणं हा काही आजचा किस्सा नाही. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' सिनेमातला तो छोटा मुलगा, जॅकी कूगन, मोठा झाला तेव्हा त्याची बहुतेक कमाई आई आणि सावत्र बापाने उडवलेली होती. त्याने १९३८ मध्ये दावा लावला, आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. फ्रान्सने २०२० मध्ये सोळा वर्षांखालच्या ऑनलाइन मुलांसाठी कायदा केला, त्यात मुलाच्या कमाईचा हिस्सा सरकारी संस्थेत तो सज्ञान होईपर्यंत ठेवावा लागतो. आपल्याकडे बालमजुरीच्या नियमांत २०१७ मध्ये अशी तरतूद आली की, सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने ठेवायचे. तिथे निर्माता असतो, सेट असतो, परवानगी असते. हॉलमध्ये रिंग लाइट लावून काढलेल्या चॅनलला यातलं काही लागू करायला कोण येतो? आमच्या मते हा २० टक्क्यांचा नियम घरगुती चॅनललाही स्पष्टपणे लागू व्हायला हवा, आणि ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करायला हरकत नाही. ठेव व्याजाची नको असलेल्या घरांना दुसरा पर्याय त्यात असावा, हेही सोबत सांगावं.

मुलींचं तर आणखी वेगळं आहे. मुलगी पडद्याची काळजी घेऊन फक्त हात दाखवत मेहंदी शिकवते किंवा फक्त आवाजाने रेसिपी सांगते. फोन भावाचा, जीमेल भावाचं, पैसे वडिलांच्या खात्यात. बारावीनंतर स्थळ येतं, निकाह होतो, आणि तीन वर्षं मेहनत करून उभं केलेलं चॅनल भावाच्या फोनमध्ये राहतं. तिच्या नावाची एकही ओळ कुठल्या कागदावर नसते. तिचा पॅन असता, तिच्या नावाने एखादं शून्य टॅक्सचं रिटर्न भरलेलं असतं, तर तेवढ्या कागदावर तिला बँकेत उभं राहता आलं असतं, कर्ज नको असलं तरी दुकानाच्या परवान्यासाठी, व्हिसासाठी. शून्याचं रिटर्न म्हणून लोक हसतात, पण ते उत्पन्नाचा पुरावा असतं.

मुलाला किंवा मुलीला अठरा पूर्ण झाले की लगेच काही कामं करून घ्यायची. पॅनवर फोटो आणि सही चढवण्यासाठी अर्ज, बँकेत खातं सज्ञान म्हणून बदलून नवी सही, आयकर पोर्टलवर स्वतःच्या नावाने लॉगिन, आणि चॅनलला वडिलांऐवजी स्वतःचं अ‍ॅडसेन्स खातं जोडणं. वडिलांनी वही नीट ठेवलेली असेल तर घरातल्या दोन माणसांसमोर बेरीज वाचून दाखवायची, शिल्लक रक्कम मुलाच्या खात्यात आहे याची खात्री करायची आणि खाली दोघांनी सही करायची.